एका नदीचे दोन शेजारी : डिस्कस आणि एंजल

मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. काचेपलीकडचे पाणी पाहण्याची गोडी तेथे अनेकांना लागली, आणि मोठ्या मत्स्यालयाची छोटी प्रतिकृती पुढे कित्येक घरांच्या दिवाणखान्यात येऊन बसली. सुरुवात बहुधा गप्पी, मॉली किंवा गोल्डफिशपासून होते. मग हौस वाढते आणि एक दिवस लांबसडक परांचा एंजल घरी येतो. त्यानंतर पुष्कळांची नजर वळते ती डिस्कसकडे. थाळीसारखा गोल, रंगाने झगमगीत, चालीने गंभीर असा हा मासा पाहिला की तो आपल्याकडे असावा असे वाटू लागते. टाकी मात्र एकच असते आणि तीत एंजल आधीच नांदत असतात. मग प्रश्न पडतो : हे दोन मासे एकत्र ठेवता येतील काय?

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच की प्रश्न माशांचा दिसत असला तरी तो मुळात एकत्र राहण्याचा आहे. आणि वसतिगृहाच्या एका खोलीत तिघांनी वर्ष काढले असेल, तर त्यांना तो फार समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराची किंमत मुक्या जिवांना मोजावी लागते, म्हणून तो थोडा बारकाईने पाहणे इष्ट ठरेल.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे : दोघेही अॅमेझॉन नदीचे, दोघेही एकाच कुलातले, मग एकत्र राहायला अडचण कसली? दुसरे याच्या अगदी उलट : कदापि ठेवू नका, डिस्कस मरतील. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. पहिल्यात नात्यावर भिस्त आहे, दुसऱ्यात भीतीवर. खरे उत्तर हवे असेल तर या दोघांचे मूळ घर, त्यांच्या गरजा आणि त्यांचे स्वभाव ही तिन्ही पाहिली पाहिजेत.

नाव, गाव आणि गोत

दोन्ही मासे सिक्लिड या कुलातले. व्हिएन्नाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० साली ब्राझीलच्या नद्यांतील माशांवर जे लेखन प्रसिद्ध केले, त्यातच या दोन्ही प्रजातींची नावे प्रथम आली : डिस्कससाठी सिम्फिसोडॉन आणि एंजलसाठी टेरोफायलम. विशेष म्हणजे हेकेल स्वतः तेथे गेले नव्हते. योहान नाटरर नावाच्या निसर्गसंशोधकाने १८१७ ते १८३५ अशी तब्बल अठरा वर्षे ब्राझीलमध्ये काढून जे नमुने जमवले होते, त्यांवर त्यांनी काम केले. आपल्या टाक्यांत नेहमी दिसणारी एंजलची जात शास्त्राला १८२३ पासूनच माहीत होती. हेकेल यांनी तिला स्वतंत्र प्रजातीचे स्थान दिले. म्हणजे आज टाकीत शेजार करणाऱ्या या दोघांचे नामकरण एकाच माणसाच्या हातून, एकाच लेखनात झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

नावेही बोलकी आहेत. मैदानावर जिची फेक आपण पाहतो त्या थाळीच्या लॅटिन नावावरून डिस्कस हे नाव आले. टेरोफायलम या ग्रीक शब्दांत पंख आणि पान हे दोन अर्थ एकत्र आहेत. उभ्या पानासारखे चपटे अंग आणि पंखासारखे वर-खाली पसरलेले पर पाहिले की नाव सार्थ वाटते. दोघांचीही शरीरे दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असतात. पाण्यात उभ्या असलेल्या काड्या, मुळे, फांद्या यांच्या फटींतून सरकायला ही ठेवण सोयीची पडते. पूर्ण वाढलेला डिस्कस पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीचा होतो. एंजलची लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास असली तरी परांसह त्याची उंची वीस सेंटिमीटरच्या वर जाते.

या कुलाचे काही सदस्य आपल्या देशातही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केरळात ज्याला करिमीन म्हणतात आणि गोव्यात काळुंदर म्हणून जो ताटात येतो, तो मासाही सिक्लिडच. केरळ राज्याने २०१० साली त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. तेव्हा कुल एक असणे याचा अर्थ फार ताणू नये. काळुंदर निमखाऱ्या पाण्यातही सुखाने राहतो. डिस्कसला तसल्या पाण्यात सोडण्याचा विचारही कोणी करणार नाही. गोत एक असले तरी घरे वेगळी असू शकतात.

एक नदी म्हणजे काय?

'एकाच नदीचे' हे शब्द आपण आपल्या नद्यांच्या मापाने ऐकतो. अॅमेझॉनचे खोरे क्षेत्रफळाने भारताच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेथील पाणीही एका जातीचे नाही. गाळाने गढूळ झालेले पांढरट पाणी, कुजलेल्या पानांच्या रसाने चहासारखे काळसर झालेले पाणी आणि स्वच्छ निळसर-हिरवे पाणी असे तीन प्रकार आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकातच वेगळे ओळखले होते. रिओ नेग्रो, म्हणजे शब्दशः काळी नदी, ही दुसऱ्या प्रकारातली. तिचे पाणी अतिशय मृदू आणि आम्लधर्मी असते. त्याचा सामू, म्हणजे प्रयोगशाळेत आपण ज्याला पीएच म्हणतो तो, पाचाच्याही खाली उतरतो. हेकेल यांनी वर्णन केलेला डिस्कस याच नदीचा. डिस्कसचे इतर प्रकार वेगळ्या पाण्यांतही सापडतात, आणि एंजल तर बऱ्याच मोठ्या प्रदेशात पसरलेला आहे.

मध्य अॅमेझॉनमध्ये पुराच्या आणि उन्हाळ्याच्या पातळीत सुमारे दहा मीटरचा फरक पडतो. पुराच्या दिवसांत जंगलच पाण्याखाली जाते आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून फिरतात. पाणी ओसरले की डिस्कस तळ्यांच्या काठी, पाण्यात कोसळलेल्या झाडांच्या फांद्यांच्या जाळीत मोठ्या संख्येने आसरा घेतात. तेथे त्यांचे खाणे काय? शेवाळ, कुजलेल्या पानांचा बारीक चुरा, आणि त्यांत सापडणारे किडे, अळ्या. हा मासा टिपून टिपून, सावकाश खाणारा आहे. तळाशी पाण्याची फुंकर मारून चुरा उडवावयाचा आणि त्यातून खाण्याजोगे निवडावयाचे, ही त्याची रीत टाकीतही दिसते. एंजल हा त्या मानाने टपून बसणारा. भक्ष्य दिसले की तो झेप घेतो. लहान मासेही गिळतो. दोघांच्या जेवणाच्या पद्धतीतला हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो येथेच लक्षात ठेवावा.

आणखी एक गोष्ट. दुकानातून आपण आणतो ते डिस्कस आणि एंजल बहुतेक नदीचे नसतातच. त्यांच्या कित्येक पिढ्या माणसाच्या टाक्यांत वाढलेल्या असतात. आग्नेय आशियातील मत्स्यपालकांनी डिस्कसचे नवनवे रंग तयार केले. आपल्याकडे चेन्नईच्या कोळत्तूर भागात एंजलची पैदास मोठ्या प्रमाणावर होते. पाण्याच्या बाबतीत हे पाळीव मासे त्यांच्या रानटी पूर्वजांपेक्षा पुष्कळ सोशिक झाले आहेत. स्वभाव मात्र फारसा बदललेला नाही.

पहिली कसोटी : उष्णता आणि पाणी

डिस्कसला अठ्ठावीस ते तीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. एंजल चोवीस ते अठ्ठावीस अंशांत खुशीत असतो. म्हणजे दोघांच्या सोयीची जागा अठ्ठावीस अंशांच्या आसपास, एका अरुंद पट्ट्यात येते. या पट्ट्यात एंजल जगतो, वाढतो. परंतु उबदार पाण्यात त्याची पचनक्रिया जलद होते, भूक वाढते आणि जोडी जमवण्याची इच्छाही वाढते. डिस्कसच्या सोयीसाठी आपण पाणी गरम करतो आणि नकळत एंजलला अधिक खादाड आणि अधिक तापट करून ठेवतो.

पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायूही कमी होतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तीस अंशांना तो ७.५ मिलिग्रॅमच्या जवळ येतो. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण गर्दी असलेल्या टाकीत तो जाणवतो. म्हणून अशा टाकीत हवेचा पंप आणि गाळणी यांत काटकसर करू नये.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू जमायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणून त्याच संध्याकाळी तीत डिस्कस सोडणे म्हणजे संडास नसलेल्या घरात पाहुणे बोलावण्यासारखे आहे. त्यातून सामू आणि तापमान जितके जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. म्हणजे डिस्कसच्या गरम पाण्यात ही चूक अधिक महाग पडते.

आपल्याकडच्या पाण्याचाही विचार हवा. धरणा-तलावाचे नळाचे पाणी सामान्यतः बरेच मृदू असते. पाळीव डिस्कसला ते चालते. त्यातील क्लोरीन मात्र काढावे लागते, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे थेंब दुकानात मिळतात. पठारावरच्या अनेक गावांत बोअरचे पाणी क्षारयुक्त आणि जड असते. अशा ठिकाणी आधी पाण्याची तपासणी करावी. आज आम्ल टाकून सामू उतरवावयाचा, उद्या तो पुन्हा चढावयाचा, असा खेळ माशांना फार त्रासाचा होतो. सामू सातच्या थोडा वर असला तरी चालेल, पण तो रोज तोच असावा. पाण्याच्या बाबतीत स्थैर्य हा आकड्यापेक्षा मोठा गुण आहे.

दुसरी कसोटी : पंगत

एकत्र ठेवलेल्या डिस्कस-एंजलांची खरी अडचण मारामारीत नसते, ती जेवणात असते. हे सहज लक्षात येत नाही, कारण मारामारी दिसते आणि उपास दिसत नाही.

एका परिचितांच्या घरी चार एंजल आणि तीन डिस्कस एका टाकीत होते. कामाला जाण्याच्या घाईत सकाळी एकदाच, एकाच कोपऱ्यात चिमूटभर दाणे टाकले जात. एंजल पृष्ठभागावर झडप घालीत आणि मिनिटभरात सारे फस्त होई. टाकी मोठी चैतन्याने भरलेली दिसे. डिस्कस मागच्या बाजूला, लाकडाच्या ओंडक्याआड उभे असत. घरच्यांची समजूत अशी की मासा स्वभावानेच शांत आहे. काही आठवड्यांनी त्यातला एक काळवंडला. त्याच्या डोक्याची बाजू, जी सुदृढ डिस्कसमध्ये भरलेली असते, ती समोरून पाहता सुरीच्या धारेसारखी दिसू लागली, आणि डोळे शरीराच्या मानाने मोठे वाटू लागले. त्याला कोणी चावले नव्हते की पिटाळले नव्हते. तो केवळ पंगतीत मागे राहिला होता. पुढे तिन्ही डिस्कस निराळ्या टाकीत हलवले आणि दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाणे दिले, तेव्हा ते हळूहळू सावरले.

ही लक्षणे प्रत्येक हौशी माणसाने पाठ करून ठेवावीत : रंग काळवंडणे, कपाळ बसणे, डोळे मोठे दिसणे, कोपरा धरून राहणे, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा पडणे. यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या की वाट पाहू नये.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. खाणे दोन ठिकाणी द्यावे. आधी एका टोकाला तरंगणारे दाणे टाकून एंजलांना तेथे गुंतवावे. ते खात असताना दुसऱ्या टोकाला, डिस्कसच्या नेहमीच्या जागी, बुडणारे दाणे, गोठवलेल्या लाल अळ्या किंवा कोळंबीचा बारीक कीस सोडावा. एकदाच पोटभर देण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडे द्यावे; वाढत्या वयाच्या पिल्लांना तर पाच वेळा. उरलेले खाणे अर्ध्या तासाने नळीने खेचून काढावे, नाही तर गरम पाण्यात ते लवकर सडते.

तिसरी कसोटी : जागा आणि संसार

सिक्लिड कुलाला जागेचा अभिमान फार. दोन्ही जातींत वरचढ कोण आणि दुय्यम कोण याची उतरंड ठरलेली असते. डिस्कस हा कळपात राहणारा मासा आहे. दोन किंवा तीनच ठेवले तर सर्वांत दुबळ्यावर सगळा जाच येतो. पाच-सहा असले की तो वाटला जातो आणि कोणा एकाचा जीव जात नाही. म्हणून 'आधी एकच डिस्कस आणून पाहू' हा काटकसरीचा विचार त्या एका माशाला जाचक ठरतो.

एंजलांची जोडी जमली की परिस्थिती पालटते. मादी रुंद पानावर, उभ्या पाटीवर किंवा चक्क गाळणीच्या नळीवर अंडी घालते आणि नर-मादी दोघेही त्यांवर पहारा देतात. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत आणखी काही दिवस जातात. या काळात जोडपे त्या जागेच्या आसपास कोणालाही फिरकू देत नाही. नदीत हाकलला गेलेला मासा दूर निघून जातो. तीन फुटी टाकीत दूर म्हणजे कोठे जाणार? एक कोपरा जोडप्याचा झाला की अर्धी टाकी त्यांची होते, आणि उरलेल्या अर्धीत सहा डिस्कस दाटीने उभे राहतात. येथे समजुतीचा उपाय चालत नाही. जोडपे दुसऱ्या टाकीत हलवणे हाच मार्ग.

डिस्कसचा संसार तर याहून विलक्षण आहे. त्यांची पिल्ले पोहू लागली की आई-बापांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या कातडीवर पाझरणाऱ्या चिकट स्रावावर वाढतात. माता आणि पिता दोघेही हे दूध पाजतात. एक थकला की अंग झटकून पिल्ले दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. १९५९ साली या संगोपनावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की अंडी घातल्यापासून या स्रावातील प्रथिनांचे आणि रोगप्रतिकारक द्रव्यांचे प्रमाण वाढते, आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर आई-बाप हळूहळू पिल्लांना तोडू लागतात. सस्तन प्राण्यांच्या अंगावर पिण्याची आठवण करून देणारी ही गोष्ट थोड्या प्रमाणात आपल्या देशी सिक्लिडांपैकी पिवळसर नारिंगी रंगाच्या एका लहान जातीतही आढळते. तिची पिल्लेही आई-बापांचे अंग टिपतात. असा संसार थाटणाऱ्या डिस्कसच्या शेजारी, पोहणारे पिल्लू म्हणजे घास समजणारा एंजल ठेवणे योग्य नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. पैदास करावयाची असेल तर डिस्कसच्या जोडीला स्वतंत्र टाकी हवीच.

चौथी गोष्ट : न दिसणारा पाहुणा

रोगाचा मुद्दा बहुधा शेवटी आठवतो, पण तो आधी आठवावा. वरून ठणठणीत दिसणारा मासा आतड्यात परजीवी बाळगून असू शकतो. स्पायरोन्यूक्लियस व्होर्टेन्स नावाच्या सूक्ष्म परजीवीचे पहिले शास्त्रीय वर्णन १९९५ साली झाले, ते एंजलमध्ये सापडलेल्या नमुन्यांवरून. याच गटातील परजीवी उपाशी आणि धास्तावलेल्या डिस्कसमध्ये बळावतात. वर सांगितलेली पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा हे त्याचे एक लक्षण मानले जाते. एंजलने स्वतः सहन केलेला संसर्ग आधीच खचलेल्या डिस्कसला झेपेलच असे नाही. म्हणून नवा मासा, मग तो कोणताही असो, निदान चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून पाहावा. त्याची जाळी, त्याची नळी, त्याची बादलीही वेगळी असावी. हा नियम कंटाळवाणा आहे, परंतु औषधांच्या कोणत्याही बाटलीपेक्षा तो स्वस्त आहे.

मग ठेवावे कसे?

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग 'नको' हेच उत्तर खरे. तसे नाही. नीट आखणी केली तर दोघे एकत्र राहू शकतात, आणि अनेकांनी ते वर्षानुवर्षे ठेवले आहेत. आखणी साधारणतः अशी असावी :

१. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे अंदाजे १२० बाय ४५ बाय ६० सेंटिमीटरची असावी. तीत काठोकाठ भरल्यास ३२४ लिटर पाणी मावते. त्या पाण्याचेच वजन ३२४ किलो होते. काच, वाळू, दगड निराळे. तेव्हा जुन्या माडीवर टाकी ठेवण्याआधी जमिनीचा विचार करावा आणि भक्कम लोखंडी घोडी करून घ्यावी.

२. टाकी रिकामी चालवून, जीवाणू जमले आहेत आणि पाण्यात अमोनिया व नायट्राइट शून्य आहेत याची तपासणी-संचाने खात्री करावी. तोपर्यंत मासा आणू नये.

३. आधी सहा डिस्कस, एकाच ठिकाणचे आणि जवळपास एकाच आकाराचे, आणावेत. त्यांनी टाकी आपली मानली, हातातले खाणे पाहून पुढे येऊ लागले, की मगच एंजलांचा विचार करावा. आधी आलेला घरधनी होतो, हे माशांतही खरे आहे.

४. एंजल दोन किंवा तीनच, आणि डिस्कसपेक्षा आकाराने लहान असे घ्यावेत. मोठे, जोडी जमलेले एंजल घेऊ नयेत.

५. तापमान अठ्ठावीस अंशांवर स्थिर ठेवावे. लिटरमागे साधारण एक वॅट या हिशेबाने दीडशे वॅटचे दोन हीटर लावावेत. एक बिघडला तरी दुसरा वेळ निभावतो. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात रात्री पारा बराच खाली जातो, तेव्हा हे लक्षात ठेवावे. वीज गेली तर टाकीभोवती गोधडी गुंडाळावी आणि घटावर चालणारा हवेचा छोटा पंप हाताशी ठेवावा. अशा वेळी खाणे मुळीच देऊ नये.

६. आठवड्यातून दोनदा पाव भाग पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि क्लोरीनमुक्त असावे.

७. उभे लाकडाचे ओंडके आणि रुंद पानांच्या वनस्पती अशा लावाव्यात की टाकीच्या एका टोकावरून दुसरे टोक सरळ दिसू नये. नजरेआड झालेला शेजारी भांडणाचे कारण उरत नाही.

डिस्कसला सोबत हवीच असेल आणि ती एंजलचीच हवी असा हट्ट नसेल, तर त्याहून निर्धोक सोबती आहेत. कार्डिनल टेट्रा हा रिओ नेग्रोच्या परिसरातलाच छोटा, लाल-निळा मासा उबदार पाण्यात सुखी असतो. मात्र तोच कार्डिनल वाढलेल्या एंजलच्या टाकीत टाकला तर एकेक करून नाहीसा होण्याचा संभव असतो. म्हणजे तिघे एकाच प्रदेशाचे असूनही तिघांना एकत्र ठेवणे आणखी बिकट. गावकरी असणे वेगळे आणि शेजारी असणे वेगळे.

शेवटी कोण जेवले?

वर दिलेले सर्व नियम मोडक्या-तोडक्या प्रमाणात पाळले जातील, हे मला माहीत आहे. प्रत्येकाची जागा, पैसा आणि वेळ सारखा नसतो. म्हणून सगळ्यांऐवजी एकच सवय सुचवावीशी वाटते. टाकीजवळ एक वही ठेवावी आणि रोज एकच नोंद करावी : आज सर्वांत शेवटी कोण जेवले, आणि जेवले की नाही? आपण स्वभावतः टाकीत जो पुढे येतो त्याच्याकडे पाहतो. तो सुदृढ असतो, रंगीत असतो, काचेजवळ येऊन आपली ओळख दाखवतो; त्याच्यावरून आपण ठरवतो की टाकी छान चालली आहे. वस्तुतः टाकी कशी चालली आहे हे ओंडक्यामागे उभ्या असलेल्या सर्वांत मागच्या माशावरून ठरते. वहीत सलग दोन-तीन दिवस एकाच डिस्कसच्या नावापुढे 'नाही' लिहावे लागले, तर एंजल वेगळे करण्याची वेळ आली असे समजावे. त्यात एंजलचा अपराध नाही. तो त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागला. एकत्र ठेवण्याचा निर्णय आपला होता.

वेगळे करणे म्हणजे टाकून देणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. नको झालेला मासा जवळच्या ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडणे हे पुण्यकर्म नाही. टिलापिया आणि काच साफ करणारा सकर मासा हे परदेशी पाहुणे आपल्या देशातील अनेक जलाशयांत पसरले असून स्थानिक माशांना जड जात आहेत. मासा परत दुकानदाराला द्यावा, दुसऱ्या हौशी मित्राला द्यावा, परंतु नदीला देऊ नये.

डिस्कस आणि एंजल, दोघेही चांगल्या निगेत आठ-दहा वर्षे जगतात. आपली पदवी तीन-चार वर्षांत होते. तेव्हा प्रथम वर्षात आणलेला मासा आपण महाविद्यालय सोडल्यावरही, कदाचित नोकरीला लागल्यावरही, टाकीत असेल. एवढ्या लांबच्या सोबतीचा करार आपण दुकानात पाच मिनिटांत करतो. ज्यांच्याकडे चार फुटी टाकी, दिवसातून तीन वेळा खाणे द्यायला घरात माणूस आणि गरज पडल्यास हलवायला दुसरी टाकी आहे, त्यांनी हे दोघे अवश्य एकत्र ठेवावेत. संथ डिस्कसच्या थव्यामधून एंजल तरंगत जाताना पाहणे हे खरोखर डोळ्यांचे पारणे फेडणारे दृश्य आहे. ज्यांच्याकडे यांतले एखादे नाही, त्यांनी दोघांपैकी एकाची निवड करावी. केवळ एंजलांची टाकी काही कमी सुंदर नसते, आणि तीत कोणाला ओंडक्यामागे उपाशी उभे राहावे लागत नाही.